मालवण-तारकर्ली फिरायचंय? मग यादी नंतर करा, आधी भरती-ओहोटी बघा

मालवणहून परत गेलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर दरवर्षी त्याच असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट बंद होती, स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) केलं पण गढूळ पाण्याशिवाय काही दिसलं नाही, त्सुनामी आयलंडला, म्हणजे देवबागच्या वाळूच्या बेटावर गेलो तर तिथे आयलंडच नव्हतं, गुडघाभर पाण्यात उभे राहून आलो. माणसं एवढ्या लांबून पैसे खर्च करून, लहान पोरं आणि म्हातारे आईवडील घेऊन येतात आणि असं होतं ना, तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. स्पॉट चुकत नाहीत, क्रम चुकतो. लोक नकाशा उघडून जवळजवळची ठिकाणं एकाखाली एक लिहितात आणि सकाळी निवांत उठून, पोटभर नाश्ता करून अकराला निघतात. मालवणात हे चालत नाही, इथे दिवसाचं टाइमटेबल समुद्र लावतो, आपण त्यात बसायचं असतं.

खाली जो क्रम दिलाय तो दोन रात्री-तीन दिवसांचा धरून दिलाय. जास्त दिवस असतील तर उत्तमच, पण पायऱ्यांची अदलाबदल करू नका.

पायरी १ : महिना ठरवा, आणि मे महिन्याच्या शेवटी येऊ नका

२६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. हे कुणा बोटवाल्याच्या मर्जीवर नसतं, मेरीटाइम बोर्डाचा नियम आहे. तरी जूनमध्ये "काहीतरी ॲडजस्ट होईल" म्हणून येणारे असतातच. होत नाही, आणि झालं तरी जाऊ नका. पावसाळ्यात यायला माझी ना नाही, हिरवंगार असतं आणि गर्दी नसते, पण मग ती ट्रिप देवळं, धामापूरचा तलाव आणि खिडकीत बसून पाऊस बघायची, पाण्यात उतरायची नव्हे.

सप्टेंबरला सगळं सुरू होतं पण पाणी अजून निवळलेलं नसतं, नद्यांचं लाल पाणी समुद्रात येतच असतं. स्कूबा हेच मुख्य कारण असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. ऑक्टोबरला ऊन फार. मार्च-एप्रिलला पाणी चांगलं असतं पण दुपारी बारानंतर बाहेर फिरवत नाही.

मे महिना शाळेच्या सुट्टीचा, त्यामुळे गर्दी तेव्हाच सगळ्यात जास्त आणि समुद्र नेमका तेव्हाच खवळायला लागतो. मे २०२२ मध्ये, हंगाम संपायला एक-दोन दिवस उरलेले असताना, तारकर्लीजवळ स्कूबाहून परत येणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हा शेवटच्या आठवड्यात कोणी "अजून सुरू आहे, या" म्हटलं तरी मी म्हणेन पंधरा मेच्या आत उरका.

*थांबा, हे बघितलं का?* दिवाळीचा आठवडा आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी या तारखा असतील तर तारकर्ली-देवबागचा एकुलता एक अरुंद रस्ता तासन् तास तुंबलेला असतो. तसंच आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि त्या दोन-तीन दिवसांत रेल्वे, एसटी, रूम काहीच मिळत नाही. जत्रेलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर तारीख जाहीर झाली का ते बघून मगच बुकिंग करा.

पायरी २ : तिथीवरून भरतीची वेळ काढा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. मध्ये साधारण सहा-सव्वासहा तासांचं अंतर. आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर, म्हणजे ४८-५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे मित्र गेल्या आठवड्यात सकाळी दहाला त्सुनामी आयलंडला गेला आणि त्याला मस्त वाळू मिळाली, म्हणून तुम्हीही या आठवड्यात दहाला गेलात तर तुम्हाला पाणीच मिळणार.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. घरात भिंतीवर जे कॅलेंडर असतं त्यात तुमच्या तारखेची तिथी बघायची, तिला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासूनच.

अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, संध्याकाळी परत भरती.

पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या आसपास भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी.

पंचमीला पावणेचार, म्हणजे सकाळी पावणेदहाला ओहोटी.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, त्यात मालवण नसलं तर जवळचं बंदर घ्या, मुंबईचं घेऊ नका कारण मुंबईची वेळ इथल्यापेक्षा उशिराची असते. ही चूक तर फारच कॉमन आहे.

दुसरं, पाणी किती चढतं-उतरतं तेही तिथीवर असतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. वाळूचं बेट मोठं बघायचं असेल तर उधाणाचे दिवस बरे. उलट पोरांना घेऊन शांत पाण्यात खेळायचं असेल तर भांगाचे.

आणि तिसरी गोष्ट वारा. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते तेव्हा पाणी काचेसारखं असतं. दुपार झाली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि लाटा उठतात, बोट हलते, उलट्या होतात, खालची वाळू ढवळते. म्हणून उघड्या समुद्रातलं जे काही आहे, म्हणजे डॉल्फिन, स्कूबा, स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावरूनच खाली बघणं), ते सकाळी साडेदहा-अकराच्या आत आटपायचं. खाडीतलं आणि जमिनीवरचं नंतर.

*चेक:* एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, आणि प्रत्येकासमोर भरतीची आणि ओहोटीची वेळ. हा कागद झाल्याशिवाय एकही बुकिंग करू नका.

पायरी ३ : राहायची जागा, आणि गाडीची की रेल्वेची तिकिटं

जागा तीन. मालवण शहर, तारकर्ली, देवबाग. किल्ल्याची जेट्टी, बाजार, खानावळी, एसटी स्टँड हे सगळं शहरात. म्हातारी माणसं बरोबर असतील आणि स्वतःची गाडी नसेल तर शहरातच राहा. तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर, तिथला बीच लांबलचक आणि मोकळा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी. डॉल्फिन आणि त्सुनामीच्या बोटी तिथून सुटतात, पण संध्याकाळी काही लागलं तर मालवण गाठावं लागतं.

बुकिंग करताना "सी फेसिंग" शब्दावर जाऊ नका, फोन करून विचारा की रूममधून बाहेर पडल्यावर पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये रस्ता ओलांडायला लागतो का. घरगुती न्याहारी-निवासवाले सहसा खरं सांगतात. जेवणाचंही आधीच सांगून ठेवा, कारण घरगुती ठिकाणी मासे सकाळी माणसं मोजून आणतात, रात्री नऊला जाऊन सुरमई मागितली तर कुठून मिळणार?

रेल्वेने यायचं तर कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कणकवलीलाही गाड्या थांबतात पण अंतर जास्त. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखांना पहिल्या काही मिनिटांत संपतं, म्हणून तारखा ठरल्या की रिमाइंडर लावून ठेवा. मुंबई-गोवा हायवेने गाडी घेऊन येणाऱ्यांनी कसालला वळायचं. कोल्हापूरकडून येणार असाल तर कुठला घाट उघडा आहे ते निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, दुरुस्तीसाठी घाट बंद असले की मॅप कधीकधी तिकडेच पाठवतो. विमान असेल तर चिपी जवळ, नाहीतर गोव्याचं मोपा. पण विमानाची तिकिटं काढण्याआधी पायरी ५ वाचा.

पायरी ४ : पोचल्या दिवशी पाण्यात जायचं नाही

रात्रभर प्रवास करून आलेला माणूस थेट स्कूबाला उभा राहतो. अर्धवट झोप, पोट बिघडलेलं, आणि मग बोटीत डोकं धरून बसतो. पहिला दिवस जमिनीचा ठेवा.

कुडाळहून येणार असाल तर येतानाच धामापूरला थांबा. तलाव वाटेवरच आहे, काठावर भगवती देवीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. परतीच्या दिवशी ट्रेन गाठायच्या घाईत हे राहून जातं, म्हणून येतानाच.

दुपारी जेवून थोडं झोपा. चारनंतर मालवण बंदरावर जा. बोटी येतात, किनाऱ्यावर माशांचे ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. बांगड्याचा ढीग, सुरमई एकेकटी मांडलेली, कोळंबी टोपलीत, आणि बोली इतकी भरभर की नवख्याला आकडे कळत नाहीत. बघायला हरकत नाही पण वाटेत उभे राहू नका, टोपली घेऊन धावणाऱ्या बाईला तुमच्या फोटोसाठी थांबायला वेळ नसतो. बर्फाचं पाणी सांडलेलं असतं, घसरतं, चपला पट्ट्याच्या घाला.

याच फेरीत दोन कामं उरकून टाका. एक म्हणजे जेट्टीवर किल्ल्याची पहिली बोट किती वाजता आणि परतीची शेवटची किती वाजता ते विचारा. दुसरं, उद्याच्या स्कूबासाठी माणूस आजच बघून ठेवा (कसा निवडायचा ते पुढच्या पायरीत). मग सूर्यास्ताला रॉक गार्डन. खडकांवर लाटा आपटतात तिथे भरतीच्या वेळी कडेला जाऊ नका, शेवाळ असतं आणि एखादी मोठी लाट न सांगता येते. जय गणेश मंदिर शहरातच आहे, कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांनी उभारलेलं, अर्ध्या तासाचं काम.

*चेक:* झोपण्याआधी कोरडे कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि मोबाईलसाठी झिपची पिशवी एका बॅगेत. जेट्टीवर आणि बोटीत रेंजचा भरवसा नसतो, ऑनलाइन पेमेंट अडकतं, कॅश ठेवाच.

पायरी ५ : दुसऱ्या दिवशी पहाटे, आधी स्कूबा

स्कूबा आधी आणि किल्ला नंतर, असं का? कारण जे रद्द होऊ शकतं ते आधी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खराब निघालं तर तिसरी सकाळ हातात राहते. स्कूबा शेवटच्या सकाळी ठेवणाऱ्यांकडे दुसरी संधीच नसते आणि मग ते खराब पाण्यातही "आलोच आहोत तर करूया" म्हणून उतरतात.

विमानाने परतणाऱ्यांसाठी तर हे सक्तीचंच समजा. स्कूबानंतर लगेच उंचीवर गेलं तर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन त्रास देतो. एक डाईव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. गाडीने घाट चढून जाणाऱ्यांनीही मध्ये काही तास जाऊ द्यावेत.

माणूस कसा निवडायचा? रस्त्यावर "किल्ला, स्कूबा, स्नॉर्केलिंग, सगळं एकात" म्हणून गाडीमागे धावणारे असतात, त्यांच्यापाशी थांबू नका. जाऊन ही विचारपूस करा: बोटीचं लायसन आहे का आणि किती माणसांचं, एका ट्रेनरमागे पाण्यात किती जण (नवख्यासाठी एकास एकच हवं), आधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का, आणि तब्येतीचा फॉर्म भरून घेता का. जो फॉर्म न भरता पैसे घेतो त्याच्याकडून उठून या. तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) स्कूबा केंद्र आहे, जरा शिस्तीत आणि व्यवस्थित शिकून करायचं असेल तर तिकडे आधी चौकशी करा.

दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन, कानाचा जुना त्रास, यातलं काहीही असेल तर स्कूबा करायचं नाही आणि फॉर्मवर लपवायचंही नाही. साधी सर्दी असली तरी नको, कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होऊ शकते. दहा वर्षांखालच्या मुलांना नाही. आदल्या रात्री दारू नाही. सकाळी केळं, दोन बिस्किटं एवढंच खा, पण अगदी उपाशीही जाऊ नका. बोट लागत असेल तर त्याची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, बोटीत मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो.

पाण्यात उतरल्यावर होणाऱ्या चुका:

नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न. मास्कमध्ये नाक बंद असतं, सगळा श्वास तोंडाने, सावकाश. सरावात हे जमेपर्यंत खाली जाऊ नका, ट्रेनर घाई करत असेल तरी.

कान दुखेपर्यंत थांबणं. खाली जाताना थोड्याथोड्या वेळाने नाक चिमटीत धरून हलकेच हवा मारायची. दुखलं की खाली जायचं थांबवायचं, खुणेने कान दाखवायचा.

अंगठा वर करणं. "मस्त" म्हणून माणूस अंगठा दाखवतो, पाण्याखाली त्याचा अर्थ "वर न्या" असा आहे, मग ट्रेनर वर घेऊन येतो आणि डाईव्ह दोन मिनिटांत संपते. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा. ही एक खूण पक्की केलीत तरी खूप झालं.

चष्मेवाल्यांनी आधी सांगा, मास्कच्या आत चष्मा बसत नाही. जाड मिशीतून मास्कमध्ये पाणी येतं, ट्रेनरला विचारून पट्टा नीट बसवून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोत मासे जास्त यावेत म्हणून काही जण ब्रेड-बिस्किट टाकतात, तुम्ही आधीच सांगा की आमच्यासाठी नको. ब्रेड हे त्या माशांचं खाणं नव्हे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याच्यावर उभं तर मुळीच राहायचं नाही. वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि तुटायला एक पाय पुरतो.

*थांबा, हे बघितलं का?* सकाळी किनाऱ्यावर जाऊन पाणी डोळ्यांनी बघा. काठाजवळ मातकट पट्टा दिसत असेल, किंवा बोटवाला स्वतःच "आज पाणी गढूळ आसा, उद्या येवा" म्हणत असेल तर ऐका. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाचा नंबर जपून ठेवा. ओहोटी लागल्यावर खाड्यांचं मातकट पाणी समुद्रात येतं, त्यामुळे भरती चढत असताना पाणी सहसा जास्त स्वच्छ मिळतं. पायरी २ मधला कागद इथे काढा. पौर्णिमा-अमावस्येच्या जवळ असाल तर आठ ते साडेदहा ही वेळ उत्तम. अष्टमीच्या जवळ असाल तर सातला पहिल्या बोटीतच जा.

पायरी ६ : त्सुनामी आयलंड आणि संगम, फक्त ओहोटीच्या वेळी

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे हा वाळूचा उंचवटा आहे. भरतीला तो पाण्याखाली असतो. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचायचं आणि पाणी चढायला लागलं की निघायचं. म्हणजे पौर्णिमेला दुपारी चारला, अष्टमीला अकराला, पंचमीला सकाळी साडेआठ-नऊला. पंचमीच्या आसपासची तारीख असेल तर स्कूबा आणि हे एकाच सकाळी आदळतं, मग स्कूबा एका सकाळी आणि त्सुनामी दुसऱ्या सकाळी करा, ओढूनताणून एकात बसवू नका.

बनाना राइड, बंपर, जेट स्की सगळं इथेच. पैसे देण्याआधी लाइफ जॅकेट हातात घेऊन बघा. बकल लागतंय का, पट्टा फाटलेला नाही ना, आणि लहान मुलासाठी लहान साइजचंच आहे ना. मोठ्याचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून वर सरकतं. साइज नसेल तर पोराला राइड नाही, रडलं तरी नाही.

संगमावर पोहायचं नाही. वरून शांत दिसतं पण ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथे मागे फिरता येत नाही. तारकर्लीच्या बीचवरसुद्धा कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला सरका, ओढीचा पट्टा संपला की मग आत या, आणि हात वर करून ओरडा.

डॉल्फिन बघायचे तर ती सकाळची वेगळी फेरी, सात ते नऊच्या दरम्यान. दिसतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दिसले की बोटवाल्याला इंजिन हळू करायला सांगा, पाठलाग केला की ते बुडी मारून लांब जातात.

देवबागहून समोर भोगवे दिसतं. इतकं जवळ दिसतं की लोक गाडी काढतात, आणि मग पुलावरून फिरून चिपी-परुळे करत तासाभराहून जास्त जातो. बोटीने पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. गाडीने जायचंच असेल तर भोगवे, निवतीचा किल्ला आणि किल्ले निवतीचा बीच हे तिन्ही एका दुपारी एकत्र करा.

पायरी ७ : तिसऱ्या सकाळी सिंधुदुर्ग, पहिल्या बोटीने

किल्ल्यात सावली कमी आणि दगड तापतो, अकरानंतर तटावर चालणं म्हणजे शिक्षा. पहिली किंवा दुसरी बोट पकडा. पंधरा मिनिटांत पलीकडे. सहसा ज्या बोटीने गेलात त्याच बोटीने साधारण तासाभराने परत यायचं असतं, म्हणून उतरतानाच बोटीचं नाव किंवा नंबर फोनमध्ये टिपून घ्या आणि नावाड्याला परतीची वेळ विचारा. किल्ला ४८ एकरांवर आहे, तासात सगळा होत नाही. नीट बघायचा असेल तर चढतानाच सांगा की आम्ही पुढच्या बोटीने येऊ, चालतं का. आधी विचारलं तर बहुतेक वेळा सोय होते, नंतर वाद होतो.

आतला क्रम असा ठेवा. दरवाजातून शिरतानाच वर बघा, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे तिथे घुमटीत आहेत, घाईने आत गेलेल्यांचे ते राहतात. मग सरळ शिवराजेश्वर मंदिर, चपला बाहेर. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत हे. त्यानंतर तटावर चढा आणि नागमोडी तटावरून चाला, हाच भाग सगळ्यात सुंदर आहे आणि हाच लोक सोडतात, कारण तोवर वेळ संपलेली असते. तटातल्या छोट्या दरवाजातून 'राणीची वेळा' नावाच्या जागी उतरता येतं, इवलासा वाळूचा किनारा, पण भरती असेल तर उतरू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पूर्ण ओहोटीची वेळ टाळा. पाणी खाली गेलं की बोट आणि धक्का यांच्यातली उंची वाढते, खडकांवरून पाय टाकावा लागतो. टोपी आणि पाणी जवळ ठेवा. आत लोकवस्ती आहे, लिंबू-कोकम सरबत मिळतं, त्यांच्याकडूनच घ्या. कुणाच्या अंगणात शिरून फोटो नकोत.

पायरी ८ : उरलेला वेळ आणि परतीचा दिवस

चिवला बीचवर सकाळी लवकर गेलात तर रापण ओढताना दिसते, पंचवीस-तीस माणसं दोर धरून जाळं किनाऱ्याला आणतात. हात लावायला मिळाला तर जरूर लावा.

उत्तरेकडे वेळ असेल तर सर्जेकोट, तोंडवळी-तळाशील, आचऱ्याचं रामेश्वर आणि मग कुणकेश्वर हा एक अख्खा दिवस. त्यात विजयदुर्ग कोंबू नका, तो वेगळ्या मुक्कामाचा. दक्षिणेला वेंगुर्ला, रेडी, सावंतवाडी हाही वेगळा दिवस, आणि तिकडून पुढे गोव्याला जाणार असाल तरच सोयीचा.

जेवणाचं एवढंच, सोमवारी बऱ्याच घरी मासे नसतात, आधी विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा ताजी सुरमई, पापलेट धरून चालू नका. बाजारात सुका बाजार (सुकवलेली मासळी), कोकम, काजू, खाजा, मालवणी मसाला सगळं मिळतं, पण हे किल्ल्याला जायच्या आधी घेऊ नका, नंतर घ्या. सुके बोंबील दोन पिशव्यांत घट्ट बांधून घ्या. एसी डब्यात वास सुटला की सहप्रवाशांशी भांडणं होतात. विमानात नेणार असाल तर एअरलाइनचा नियम आधी बघा.

ट्रेनच्या वेळेच्या किमान दोन तास आधी मालवण सोडा. कुडाळचा रस्ता वळणांचा आहे, रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आणि निघण्याआधी गाडीचं स्टेटस बघा. कोकण रेल्वेला उशीर असेल तर तेवढा वेळ स्टेशनवर बसण्यापेक्षा वाटेत वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात थांबता येतं.